मार्क्विस द पोंबाल : विवेकाच्या नावाने राज्य करणारा मंत्री

१ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांच्या सणाचा दिवस होता. लिस्बन शहरातील चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेसाठी लोक दाटीवाटीने बसले होते. वेदीवर मेणबत्त्या जळत होत्या. साडेनऊ वाजून गेल्यानंतर थोड्याच वेळात जमीन हादरू लागली आणि काही मिनिटांत चर्चची छपरे भाविकांवर कोसळली. जे बाहेर पडू शकले ते मोकळ्या जागेच्या आशेने तेजू नदीच्या काठाकडे धावले. तिथे समुद्राच्या प्रचंड लाटांनी त्यांना गाठले. उलटलेल्या मेणबत्त्या आणि चुलींमधून आग भडकली व ती पुढे कित्येक दिवस जळत राहिली. मृतांची संख्या काही दहा हजारांत होती. राजवाडा, राजग्रंथालय आणि अवघ्या सात महिन्यांपूर्वी सुरू झालेले भव्य संगीतनाट्यगृह ढिगाऱ्याखाली गेले. राजा पहिला दों जुझे त्या सकाळी बेलेंत होता, म्हणून वाचला. पण त्याने भिंतींच्या घराची अशी धास्ती घेतली की पुढे तो लाकडी निवासातच राहू लागला. अशा वेळी राज्याचा कारभार ज्याच्या हाती आला, तो परराष्ट्र व युद्ध खात्याचा ५६ वर्षांचा मंत्री होता. त्याचे नाव सेबास्तियांव जुझे द कार्व्हालो इ मेलो. इतिहास त्याला मार्क्विस द पोंबाल म्हणून ओळखतो.

अठराव्या शतकात युरोपात ज्ञानोदयाचे वारे वाहत होते. परंपरा आणि धर्मसत्ता यांच्याऐवजी माणसाच्या विवेकाला प्रमाण मानावे, राज्यकारभार शास्त्रशुद्ध असावा, कायदा सर्वांना सारखा असावा, असे विचारवंत मांडू लागले होते. नवल असे की, हे विचार प्रथम सिंहासनाच्या विरोधात नव्हे, तर सिंहासनाच्या सेवेत राबवले गेले. प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक, रशियाची कॅथरिन, ऑस्ट्रियाचा दुसरा जोसेफ हे राज्यकर्ते या प्रबुद्ध राजेशाहीचे प्रतिनिधी मानले जातात. पोर्तुगालमध्ये ही भूमिका राजाने नव्हे, तर त्याच्या मंत्र्याने वठवली. त्याच्या निर्णयांचे पडसाद जुने गोवे, सासष्टी आणि बारदेशपर्यंत उमटले.

लंडन आणि व्हिएन्नाचे धडे

कार्व्हालोचा जन्म १३ मे १६९९ रोजी लिस्बनमध्ये झाला. घराणे कुलीन, परंतु बड्या सरदारांच्या पंक्तीत बसणारे नव्हते. कुइंब्र विद्यापीठात थोडे कायद्याचे शिक्षण, सैन्यात थोडी नोकरी, असे त्याचे तारुण्य गेले. बड्या घराण्यातील एका विधवेशी त्याने विवाह केला, तेव्हा तिच्या नातेवाइकांना तो रुचला नव्हता. उच्च सरदारवर्गाकडून मिळालेली ही वागणूक तो विसरला नाही.

वयाची चाळिशी जवळ आली असताना त्याला लंडनमधील पोर्तुगीज वकिलातीची जबाबदारी मिळाली. याच काळात, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पाने वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता जवळजवळ संपुष्टात आली. पूर्वेकडील उरलेला मुलूख वाचवण्यासाठी इंग्रजांचे साहाय्य मिळवणे हे पोर्तुगीज वकिलासमोरचे एक काम होते. त्यात यश आले नाही. मात्र इंग्लंडने त्याला वेगळेच काही शिकवले. ब्राझीलच्या खाणींतील सोने लिस्बनमार्गे इंग्रज व्यापाऱ्यांच्या तिजोरीत कसे जाते, कंपन्या, नौदल आणि हिशेब यांच्या बळावर एक राष्ट्र कसे श्रीमंत होते, याचा त्याने बारकाईने अभ्यास केला. १७४० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले.

त्यानंतर तो व्हिएन्नाला गेला. पहिली पत्नी वारली होती. तिथे त्याने डाउन या मान्यवर घराण्यातील एलिओनोरेशी विवाह केला. मारिया थेरेसाच्या राज्यात प्रशासन, करव्यवस्था आणि शिक्षण यांच्या सुधारणेची चर्चा सुरू होती. चर्चशी नाते न तोडता राज्यसत्तेला चर्चच्या वर कसे आणता येईल, याचा विचार तिथे त्याच्या कानावर पडला.

१७५० मध्ये राजा पाचवा जुआंव मरण पावला. नव्या राजाला शिकार आणि संगीतनाट्य यांची आवड होती, कारभाराची नव्हती. परतलेल्या कार्व्हालोला त्याने मंत्री नेमले. पाच वर्षांनंतर झालेल्या भूकंपाने या मंत्र्याला राज्याचा खरा सूत्रधार बनवले.

ढिगाऱ्यावरचे शहर

त्या दिवसांतील त्याचे हुकूम आजही आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासकांना उपयोगी वाटतात. रोगराई पसरू नये म्हणून, रूढ अंत्यविधी बाजूला ठेवून, प्रेते पडावांत भरून समुद्रात सोडण्याची परवानगी त्याने धर्माधिकाऱ्यांकडून मिळवली. धान्याचे भाव गोठवले. धडधाकट माणसांना शहर सोडून जाण्यास मनाई करून त्यांना ढिगारे उपसण्याच्या कामाला लावले. लुटारूंसाठी उंच जागी फाशीचे खांब उभारले आणि ३० हून अधिक जणांना प्रत्यक्ष फाशी दिले.

मग त्याने एक अपूर्व गोष्ट केली. देशातील प्रत्येक पॅरिशच्या पाद्रीकडे प्रश्नावली पाठवली. हादरे किती वेळ बसले? समुद्र आधी मागे हटला की पुढे आला? किती घरे पडली? किती माणसे मेली? भूकंप हा दैवी कोप मानण्याच्या काळात सरकारने त्याविषयी नोंदी मागवाव्यात, हाच ज्ञानोदयाचा राज्यकारभारात झालेला शिरकाव होता. आजचे भूकंपशास्त्रज्ञ त्या उत्तरांचा आधार घेतात.

मानुएल द माया, एउजेनियु दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल या अभियंत्यांनी नव्या शहराचा आराखडा आखला. सरळ रुंद रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती आणि भिंतींच्या आत हादरे पेलणारा लाकडी सांगाडा, असे त्याचे स्वरूप होते. या सांगाड्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली, असे सांगितले जाते. जिथे राजवाडा होता, तिथल्या चौकाला व्यापारी चौक असे नाव देण्यात आले. राज्याचा आधार आता सरदार नव्हे, तर व्यापारी, हे त्या नावातच स्पष्ट झाले.

भूकंपाने साऱ्या युरोपचा विचार हलवला. फ्रान्समध्ये व्होल्तेरने त्यावर काव्य लिहिले, रूसोने त्याला पत्रातून उत्तर दिले, कांटने भूकंपाच्या नैसर्गिक कारणांवर निबंध लिहिले. लिस्बनमध्ये मात्र हा वाद तत्त्वज्ञानाचा राहिला नाही. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्रीने पत्रक काढून भूकंप हा पापाबद्दलचा ईश्वरी दंड असल्याचे सांगितले आणि घरे बांधण्याऐवजी पश्चात्ताप करण्याचा उपदेश केला. मंत्र्याच्या दृष्टीने हा पुनर्बांधणीला सुरुंग होता. मालाग्रिदाला शहराबाहेर पाठवण्यात आले. त्याची कहाणी तिथे संपली नाही.

विवेक आणि वधस्तंभ

३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री राजाच्या बग्गीवर गोळीबार झाला. राजा जखमी झाला, पण वाचला. संशय तावरा या थोर सरदार घराण्यावर आणि आवेइरोच्या ड्यूकवर घेण्यात आला. खास न्यायासन नेमले गेले, छळ करून जबाब घेतले गेले आणि १३ जानेवारी १७५९ रोजी बेलेंमध्ये, भर लोकांसमोर, तावरा दांपत्य, त्यांचे दोन पुत्र, ड्यूक व इतर काहींना अत्यंत क्रूर रीतीने ठार मारण्यात आले. तावरा मार्क्विस हा गोव्याला परका नव्हता. १७५० ते १७५४ या काळात तो इथला विजरई होता आणि त्याची पत्नी लेओनोर त्याच्यासोबत गोव्यात राहून गेली होती. तिचाही त्या दिवशी शिरच्छेद झाला. ड्यूकचा वाडा पाडून त्या जमिनीवर मीठ पसरण्यात आले.

याच कटाचा ठपका जेझुइट पंथावर ठेवण्यात आला. शिक्षण, राजघराण्याचे पापनिवेदन, ब्राझीलमधील आदिवासींच्या वसाहती या सर्वांवर या पंथाची पकड होती आणि राज्यसत्तेला प्रतिस्पर्धी ठरेल अशी संस्था मंत्र्याला नको होती. ३ सप्टेंबर १७५९ रोजी, हल्ल्याला बरोबर एक वर्ष होताच, पोर्तुगालने जेझुइटांना हद्दपार केले. त्या शतकात असे करणारे ते युरोपातील पहिले कॅथलिक राज्य. पुढे फ्रान्स आणि स्पेन त्याच वाटेने गेले आणि १७७३ मध्ये खुद्द पोपने पंथ विसर्जित केला.

मालाग्रिदाला १७६१ मध्ये इन्क्विझिशनसमोर उभे करण्यात आले. तोवर या न्यायासनाच्या अग्रभागी मंत्र्याचाच भाऊ बसला होता. ७२ वर्षांच्या, मनाने ढासळलेल्या त्या पाद्रीला गळा आवळून मारण्यात आले आणि त्याचे शव जाळण्यात आले. ज्ञानोदयाच्या विचारवंतांना सर्वाधिक तिटकारा असलेले हत्यार एका सुधारक मंत्र्याने आपल्या शत्रूसाठी वापरले. जेझुइटांचा कट्टर टीकाकार असलेल्या व्होल्तेरलाही या प्रकाराची घृणा वाटली.

सुधारणांची वीस वर्षे

तरीही त्याच्या सुधारणांची यादी थक्क करणारी आहे. १७५६ मध्ये दोरु खोऱ्यातील मद्यासाठी कंपनी स्थापन करून द्राक्षमळ्यांच्या सीमा आखण्यात आल्या. पोर्ट मद्याची प्रत राखण्याचा तो पाया ठरला. पोर्तू शहरातील लोकांनी या मक्तेदारीविरुद्ध १७५७ मध्ये दंगल केली, तेव्हा ती फासावर चढवून मोडण्यात आली. १७५९ मध्ये व्यापारी शिक्षणाची सरकारी शाळा निघाली. १७६१ मध्ये राजकोषाची पुनर्रचना होऊन साऱ्या राज्याचा जमाखर्च एका ठिकाणी, दुहेरी नोंदीच्या पद्धतीने मांडला जाऊ लागला. जेझुइट शाळा बंद पडल्यावर सरकारी शिक्षक नेमले गेले आणि १७७२ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी मद्यावर खास कर बसवण्यात आला. त्याच वर्षी कुइंब्र विद्यापीठाला नवे नियम मिळाले. गणित आणि निसर्गविज्ञान यांच्या शाखा, वेधशाळा, प्रयोगशाळा आणि वनस्पती उद्यान यांची योजना झाली.

१७६१ मध्ये पोर्तुगालच्या भूमीवर बाहेरून आणलेला गुलाम मुक्त मानला जाईल, असा कायदा झाला. १७७३ मध्ये ज्यू वंशातून धर्मांतरित झालेले नवख्रिस्ती आणि जुने ख्रिस्ती हा शतकानुशतकांचा भेद रद्द झाला. पण गुलामगिरीविरोधी कायद्याची हद्द पोर्तुगालपुरती होती. ब्राझीलमधील मळे आणि खाणी गुलामांच्याच श्रमावर चालत राहिल्या आणि मंत्र्याने स्थापलेल्या व्यापारी कंपन्या आफ्रिकेतून माणसे भरून तिकडे नेत राहिल्या.

ग्रंथांचे परीक्षण १७६८ मध्ये चर्चकडून काढून राजाच्या मंडळाकडे देण्यात आले. या मंडळाने जेझुइटांची पुस्तके बंद केली आणि व्होल्तेर व रूसो यांची अनेक पुस्तकेही. विज्ञान हवे, हिशेब हवा, सरळ रस्ते हवेत. पण राजसत्तेला प्रश्न विचारणारा विचार नको, ही या प्रबुद्ध राजेशाहीची मर्यादारेषा होती. मंत्र्याला १७५९ मध्ये ओएइराशचा काउंट आणि १७६९ मध्ये पोंबालचा मार्क्विस हे किताब मिळाले. ज्या सरदारवर्गाने त्याला कमी लेखले, त्याच्या वरच्या पायरीवर तो आता उभा होता.

गोव्यात पोचलेले हुकूम

लिस्बनच्या हुकमाचे जहाज गोव्यात यायला तेव्हा महिने लागत. जेझुइटांविरुद्धचा आदेश १७५९ मध्येच इथे पोचला. विजरई कोंद द एगाने पंथाच्या मठांना वेढा घातला, मालमत्ता जप्त केली आणि पाद्रींना कैद करून पुढे जहाजाने लिस्बनला रवाना केले. राशोलचे विद्यालय त्यांच्या हातून गेले आणि सासष्टीतील चर्च धर्मप्रांताच्या पाद्रींकडे आले. हे स्थानिक पाद्री बहुतांशी गोमंतकीय होते, हे महत्त्वाचे. याच एगाने १७५९ च्या अखेरीस आपले निवासस्थान पणजीतील आदिलशहाच्या राजवाड्यात हलवले. पोर्तुगालला परतल्यावर त्याच्यावरच आरोप ठेवून त्याला तुरुंगात टाकण्यात आले.

१७६१ चा हुकूम गोव्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पूर्वेकडील प्रदेशांत जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजाजनांना पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांइतकाच मान आणि तेच हक्क असतील, त्यांना रंगावरून हिणवणाऱ्यांना शिक्षा होईल आणि पदे देताना भेद केला जाणार नाही, असे त्यात होते. युरोपीय सत्तांच्या वसाहतींत त्या काळी असा कायदा विरळाच. मात्र हा हुकूम अमलात आणायचा होता तो भेदावरच ज्यांची पदे टिकून होती त्यांनी. त्यांनी तो बासनात बांधून ठेवला. १७७४ मध्ये नवा गव्हर्नर जुझे पेद्रू द कामारा आणि नवे आर्चबिशप यांना पाठवताना पोंबालला तेच पुन्हा बजावून सांगावे लागले.

या हुकमात हिंदू प्रजेला स्थान नव्हते. दरम्यान १७६३ मध्ये, हैदर अलीच्या स्वारीमुळे सौंदेकर राजाची सत्ता डळमळली तेव्हा, फोंडे आणि त्यालगतचे महाल पोर्तुगीजांकडे आले. या नव्या काबिजादींत देवळे आणि चालीरीती यांना हात लावणार नाही, असे अभिवचन देण्यात आले. दोन शतकांपूर्वी जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली होती आणि अनेक दैवतांनी अंत्रूज महालात आश्रय घेतला होता. आता तोच महाल पोर्तुगीज झेंड्याखाली आला आणि देवळे मात्र उभी राहिली. यामागे नव्या मुलखातील प्रजा सांभाळण्याची राजकीय गरज होतीच. पण राज्याचा हिशेब धर्मप्रसाराच्या हिशेबाहून वेगळा मांडणारी नवी दृष्टीही त्या काळात पोर्तुगीज कारभारात आलेली होती.

१७७४ मध्ये १५६० पासून चालत आलेले गोव्याचे इन्क्विझिशन बंद करण्यात आले. विजरई हे पद जाऊन त्याजागी गव्हर्नर आणि कॅप्टन जनरल हे पद आले. एक हुकूम मात्र वास्तवाशी टक्कर घेणारा ठरला. रोगराईने ओस पडत चाललेले जुने गोवे पुन्हा वसवण्याचा पोंबालचा आग्रह होता. लिस्बन ढिगाऱ्यातून उठवणाऱ्याला हे अशक्य वाटले नसावे. काम सुरू झाले, पैसा खर्च झाला, मजूर तापाने मेले आणि शहर ओसच राहिले.

एका मृत्यूनंतर

२४ फेब्रुवारी १७७७ रोजी राजा दों जुझे मरण पावला. त्याची कन्या पहिली मारिया गादीवर आली. धर्मनिष्ठ राणीला पोंबालचे नाव नकोसे होते. काही दिवसांतच त्याचा राजीनामा स्वीकारण्यात आला. तुरुंगांची दारे उघडली आणि सुमारे ८०० राजकीय कैदी बाहेर आले; त्यांतील कित्येक जण वर्षानुवर्षे चौकशीविना खितपत पडले होते. व्यापारी चौकातील राजाच्या अश्वारूढ पुतळ्याखाली मंत्र्याची मुखप्रतिमा बसवलेली होती, ती उतरवण्यात आली.

गोव्यातही वारे उलटे फिरले. ज्या सहजतेने इन्क्विझिशन एका कागदाने बंद झाले, त्याच सहजतेने १७७८ मध्ये दुसऱ्या कागदाने ते पुन्हा सुरू झाले आणि १८१२ पर्यंत चालले. समान पदांच्या आश्वासनाचे काय झाले, हे गोमंतकीय पाद्रींनी अनुभवले. कायेतानु फ्रांसिश्कु कुतु आणि जुझे आंतोनियु गोंसाल्विश या दोघांनी लिस्बनला जाऊन बढतीसाठी दाद मागितली. हाती काही लागले नाही. परतल्यावर १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या साथीने उठावाची आखणी झाली. ती फुटली. ४७ जणांना अटक झाली आणि १७८८ मध्ये १५ जणांना पणजीत देहदंड देण्यात आला. पाद्री आरोपींना लिस्बनच्या तुरुंगात पाठवले गेले. कायद्यात लिहिलेल्या समतेसाठी ही किंमत मोजावी लागली. हिंदू गोमंतकीयांना तर समान नागरी हक्कांसाठी १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक येईपर्यंत वाट पाहावी लागली.

पोंबालची चौकशी झाली. आजारी आणि ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसाला न्यायाधीशांनी दिवसेंदिवस प्रश्न विचारले. प्रत्येक निर्णयाला राजाची संमती होती, हाच त्याचा बचाव होता. १७८१ मध्ये राणीने त्याला दोषी ठरवले. वय आणि आजार पाहून शिक्षा मात्र माफ केली आणि दरबारापासून २० लीग दूर राहण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी तावरा खटल्याचा पुनर्विचार करणाऱ्या न्यायाधीशांनी त्या कुटुंबाला निर्दोष ठरवले. ८ मे १७८२ रोजी, ८३ वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस उरले असताना, पोंबाल गावी त्याचा मृत्यू झाला.

पुढच्या शतकातील उदारमतवाद्यांनी त्याला पुन्हा मानाचे स्थान दिले. १८३३ मध्ये ती मुखप्रतिमा पुतळ्याखाली परत बसली आणि १९३४ मध्ये लिस्बनच्या मुख्य चौकात त्याचे उत्तुंग स्मारक उभे राहिले. जेझुइटांच्या आणि तावरांच्या आठवणीत मात्र तो जुलमीच राहिला. या दोन्ही प्रतिमा खऱ्या आहेत. ज्या सत्तेच्या जोरावर त्याने शाळा काढल्या आणि भेद मिटवले, तीच सत्ता वधस्तंभ उभारत होती. तिच्यावर कुणाचा अंकुश नव्हता, म्हणून सुधारणा झपाट्याने झाल्या. आणि अंकुश नव्हता, म्हणूनच राजा बदलताच त्यांतील बऱ्याच पुसल्या गेल्या. सरळ रस्ते राहिले, विद्यापीठाच्या नव्या शाखा राहिल्या, कारण त्यांच्यावाचून चालणार नाही असे लोकांना वाटू लागले होते. गोव्यातील समतेला असा आधार मिळायला आणखी दीड शतक लागले.

त्याच्या अस्थी आज लिस्बनमधील मेमोरिया चर्चमध्ये आहेत. ज्या ठिकाणी राजाच्या बग्गीवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथेच हे चर्च बांधले गेले. तिथून फार दूर नसलेल्या बेलेंमधील एका बोळात, मीठ पसरलेल्या त्या जमिनीवर, आवेइरोच्या ड्यूकच्या वाड्याची खूण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ अजून उभा आहे.